घोडबंदरहून येऊरचे जंगल पायी पाहायचे आहे : कोठून आणि कसे जावे?

कावेसरकर यांचा प्रश्न

नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीहून घोडबंदर रस्त्यावर, कावेसरला राहायला आलो. जागा दाखवताना दलालाने आधी गॅलरीचे दार उघडले आणि मग स्वयंपाकघर दाखवले; समोरच्या हिरव्या डोंगराकडे पाहून आम्ही दराबाबत फारशी घासाघीसही केली नाही. एवढे करून त्या डोंगरात आमच्यापैकी कोणाचेही पाऊल आजवर पडलेले नाही. पावसाळ्यात कड्यांवरच्या पांढऱ्या रेघा मोजायच्या आणि उन्हाळ्यात रात्री कोठे वणवा दिसतो का ते पाहायचे, इतकाच आमचा त्याच्याशी संबंध राहिला आहे.

या दिवाळीच्या सुट्टीत हे बदलावे असे ठरवले आहे. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. ते रोज सकाळी चार-पाच किलोमीटर चालतात, मात्र उतारावर त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. मुलगी पाचवीत आहे. वडिलांनी महाविद्यालयात असताना बोरिवलीच्या बाजूने कान्हेरीची लेणी पाहिली होती, आणि आता ठाण्याच्या बाजूने डोंगर ओलांडून ती पुन्हा पाहावीत असे त्यांच्या मनाने घेतले आहे. मोबाइलच्या नकाशावर येऊर गाव आणि कान्हेरी यांतील अंतर सरळ रेषेत पाच किलोमीटरच्या आसपास दिसते आणि मधून एक तुटक रेघही गेलेली आहे. ती वाट खरोखर चालण्याजोगी आहे का? नसल्यास ठाण्याच्या बाजूने रीतसर परवानगी घेऊन अर्धा दिवस जंगल पाहण्याची सोय कोठे होऊ शकेल?

बिबट्याच्या भीतीने पत्नीचा मुलीला नेण्यास विरोध आहे. तिची समजूत घालावी की तिचे ऐकावे, हेही जाणकारांनी सांगावे. मोठ्याने गाणी लावून चालणाऱ्या पन्नास जणांच्या गटाबरोबर जाण्याची मात्र आमची तयारी नाही.

पायवाट यांचे उत्तर

कान्हेरीचा बेत आधी बाजूला ठेवावा, म्हणजे बाकीचे सोपे होईल. नकाशावरची ती तुटक रेघ खोटी नाही. वनरक्षकांच्या गस्तीच्या आणि पूर्वापार वहिवाटीच्या वाटा तिथे आहेत. पण वाट असणे आणि त्या वाटेने जाण्याची मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून आपल्या गॅलरीतून दिसणारा डोंगर हा त्याचाच येऊरच्या बाजूचा भाग आहे. येऊर आणि कान्हेरी यांच्यामध्ये येतो तो उद्यानाचा गाभा, आणि तेथे परवानगीवाचून शिरणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो. उंचीचा प्रश्न फारसा नाही, कारण उद्यानातले सर्वांत उंच ठिकाणही जेमतेम ४६८ मीटर भरते. प्रश्न आहे तो बिनखुणांच्या ओढ्यांचा, कारवीच्या झुडपांच्या गचपणाचा आणि मोबाइलला रेंज नसण्याचा.

कान्हेरी पाहायची असेल तर बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारानेच जावे. तेथून लेणी पाच-सहा किलोमीटर आत आहेत आणि डांबरी रस्ता थेट पायथ्यापर्यंत जातो. सोमवारी उद्यान बंद असते, हे लक्षात न ठेवल्याने परत फिरलेली कुटुंबे मी दर सुट्टीत पाहतो. वडिलांना एक गोष्ट अवश्य सांगा. त्या डोंगरात १०९ लेणी आहेत आणि त्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची जी गावे येतात, त्यांत कल्याण आणि सोपारा ही दोन्ही प्राचीन बंदरे आहेत. दोन बंदरांच्या मधल्या डोंगरात ही लेणी का वाढली असतील, याचा अंदाज कल्याणच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला पुस्तकाशिवाय येईल. लेण्यांच्या तोंडाशी खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढी आणि त्यांत पाणी नेणाऱ्या पन्हळी सावकाश पाहाव्यात. त्या पाहिल्याशिवाय लोक चैत्यगृहापुढे छायाचित्र काढून खाली उतरतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता ठाण्याच्या बाजूविषयी. येथे तीन जागा आहेत. पहिली येऊर. उपवन तलावाच्या पुढे घाट चढू लागतो तेथे वन विभागाचा नाका आहे, आणि नाक्यापासून गावापर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंच्या झाडीतून जातो. हा रस्ता सकाळी पायी चालण्यास उत्तम आहे, पण त्याला जंगलभ्रमंती म्हणता येणार नाही, कारण रस्ता सोडून आत जाता येत नाही आणि सुट्टीच्या दिवशी मोटारी अखंड चालू असतात. दुसरी जागा मानपाड्याची. तेथे वन विभागाचे निसर्ग परिचय केंद्र आहे, वाट छोटी आणि सोपी आहे, आणि लहान मुलाला घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तीच सुचवीत असे. सध्या मात्र त्याच बाजूला ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम चालू आहे. त्या रस्त्याची एकूण लांबी जवळजवळ १२ किलोमीटर असून त्यांतले १० किलोमीटरहून अधिक अंतर उद्यानाच्या पोटातून जाणार आहे. त्यामुळे त्या परिसरात धूळ आणि डंपर यांची तयारी ठेवावी.

तिसरी जागा नागल्याची, आणि आपल्यासाठी माझे मत तिलाच आहे. घोडबंदर रस्त्याने उद्यानाचा एक तुकडा उत्तरेकडे तोडून टाकला आहे, तो नागला. रस्त्याला लागून झाडी सुरू होते आणि मिश्र पानझडी जंगलातून वाट वसईच्या खाडीच्या दिशेने उतरत जाते. खाडीपलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे, म्हणजे दोन्ही जंगलांना जोडणारा हा शेवटचा दुवा म्हणावा लागेल. एकाच सकाळी ऐन, कळंब, कुसुम यांची सावली आणि शेवटी तिवरांचा खारट वास असे दोन्ही ठाण्यात दुसरीकडे कोठे मिळत नाही. चढउतार बेताचा असल्याने वडिलांच्या गुडघ्यालाही ती मानवेल. परवानगी वन विभागाच्या कार्यालयातून आधी घ्यावी, ओळखपत्राची प्रत सोबत ठेवावी आणि माहीतगार माणूस बरोबर घ्यावा. रविवारी सकाळी जाऊन दारात हुज्जत घालण्यापेक्षा आधल्या आठवड्यात एक चक्कर मारलेली बरी.

जुना नौपाडकर यांचे उत्तर

वरील उत्तर कायद्याच्या दृष्टीने बिनचूक असेल, पण ते वाचून मला थोडी खंत वाटली. १९७० च्या दशकात आम्ही शाळकरी मुले भाकरीचे गाठोडे घेऊन मामा-भाचे डोंगरावर जात असू आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी परतत असू. कोणी अडवले नाही आणि कोणी पावती फाडली नाही. येऊरच्या पुढे तर आम्हाला गुराख्यांनीच वाट दाखवलेली आहे. ज्या डोंगराने ठाण्याला तळी आणि ओढे दिले, त्या डोंगरात ठाणेकरानेच अर्ज करून जायचे आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी तीस-तीस मजल्यांचे मनोरे मात्र बिनदिक्कत उभे राहायचे, हे मला पटत नाही. वडिलांची इच्छा असेल तर गावातला एखादा जाणता माणूस सोबत घेऊन जरूर जावे, असे माझे मत आहे.

पाड्यावरची बाई यांचे उत्तर

मी गेली अकरा वर्षे येऊरच्या एका पाड्यावरील मुलांना शिकवते, म्हणून नौपाडकर काकांच्या शेवटच्या वाक्याला आदरपूर्वक विरोध नोंदवते.

‘गावातला जाणता माणूस’ म्हणजे प्रत्यक्षात माझ्या एखाद्या विद्यार्थ्याचा बाप असतो. त्याला पाचशे रुपये देऊन आठ-दहा जण आत जातात आणि पकडले गेल्यावर पाहुणे दंड भरून ठाण्याला परततात, पण त्या माणसाला वन विभागाशी रोजचा संबंध ठेवायचा असतो. लाकूडफाटा, रानभाज्या, वाटेचा वापर, सगळे त्याच संबंधावर अवलंबून असते. त्याला अशा कामात ओढू नये. मनोऱ्यांबद्दल काकांचे म्हणणे मला मान्य आहे, पण मनोरे चुकीचे आहेत म्हणून आपणही वाट मोडावी असे त्यातून निघत नाही.

येऊरमध्ये पाटोणापाडा, जांभूळपाडा, रोणाचा पाडा असे पाडे आहेत आणि तेथे प्रामुख्याने वारली कुटुंबे राहतात. शहरातून येणाऱ्यांना हे जंगलाच्या मधोमध असलेले सहलीचे ठिकाण वाटते, आणि पाड्यावरच्या लोकांना ते घर वाटते. सोमवारी सकाळी शाळेत येताना मुले वाटेवरच्या दारूच्या बाटल्या पायाने कडेला सारत येतात, कारण फुटलेली काच अनवाणी पायाला लागते. रात्री उशिरापर्यंत वाजणाऱ्या ध्वनिवर्धकांबद्दल मी अधिक लिहीत नाही. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

आपल्या पत्नीच्या भीतीबद्दल मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण ती भीती निराधार नाही. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आत आणि कडेला बिबट्यांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांत अनेक जीव गेले. त्यामागे, इतर ठिकाणी पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडले जात होते, हे एक मोठे कारण असल्याचे अभ्यासकांनी पुढे मांडले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते आणि तिथल्या बिबट्यांच्या हद्दीही विस्कटतात. पुढे हे धोरण बदलले, २०११ पासून नागरिकांना सोबत घेऊन जनजागृती सुरू झाली आणि हल्ल्यांचे प्रमाण बरेच खाली आले. बिबटे मात्र कमी झालेले नाहीत. कॅमेरे लावून केलेल्या गणनेत २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे नोंदवले गेले. म्हणजे बिबटे वाढले असतानाही हल्ले कमी झाले, आणि हीच गोष्ट आपण पत्नीला सांगावी.

पाड्यावरची मुले बिबट्यासोबत कशी राहतात ते सांगते. अंधार पडल्यावर एकटे बाहेर जायचे नाही, परसाकडे जाताना कोणीतरी सोबत आणि हातात विजेरी हवी, वाकून किंवा उकिडवे बसून एकट्याने खेळायचे नाही, कारण बसलेले मूल बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते. उरलेले अन्न घराजवळ टाकायचे नाही, कारण अन्नामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पाड्याच्या कडेला शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड आहे. त्याला नारळ वाढवतात आणि त्याचे नाव घेताना आवाज खाली येतो. आमच्या चौथीच्या वर्गात मी एकदा विचारले की बिबट्या दिसला तर काय कराल, तेव्हा एका मुलीने सांगितले, “बाई, पळायचं नाही. त्याला आधी जाऊ द्यायचं.” वन विभागाच्या फलकावर याच अर्थाच्या सहा ओळी लिहिलेल्या आहेत.

तेव्हा मुलीला नेण्यास हरकत नाही. ती दोन मोठ्यांच्या मध्ये चालेल, पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधारात आपण वाटेवर नसाल आणि ती पुढे धावणार नाही, एवढे पाळावे. बिबट्या दिसण्याची आशा तिला मुळीच दाखवू नका. आम्ही येथे राहून तो क्वचित पाहतो. सकाळी ओल्या मातीत उमटलेला त्याचा पंजा तेवढा दिसतो. चार बोटे, मागे गादी आणि नखांची खूण नाही. कुत्र्याच्या पंजापुढे नखांचे टिंब उमटते. हा फरक तिला दाखवला तर ती घरी येऊन आईला शिकवील.

आणखी एक सुचवते. पुढच्या जूनमध्ये जांभळी नाक्याच्या बाजारात जा. पाड्यावरच्या बायका शेवळे, कंटोळी, कुळू आणि टाकळा या रानभाज्या घेऊन तेथे बसतात. शेवळे घेतलीत तर सोबत काकडे, म्हणजे काकड झाडाची आंबट फळे, मागून घ्या, नाहीतर घशाला अशी खाज सुटेल की जंगलाची आठवण दोन दिवस राहील. हे जंगल ताटातून पाहायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

जुना नौपाडकर

बाई, पाड्यावरच्या माणसाचे काय होते याचा विचार मी केला नव्हता. माझे शेवटचे वाक्य मागे घेतो. मनोऱ्यांविषयीचे मत कायम आहे.

कारवी२०३२ यांचे उत्तर

माझ्या नावावरून आपल्या लक्षात आलेच असेल. येथील कारवी आठ वर्षांतून एकदा एकाच वेळी फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये ती फुलली, आणि आता आपल्या मुलीला ती जांभळी टेकडी पाहण्यासाठी २०३२ पर्यंत थांबावे लागेल. तोवर ती बारावीच्या आसपास पोहोचलेली असेल. निराश मात्र होऊ नये, कारण फुलून गेल्यानंतरची कारवीही पाहण्यासारखी असते. एकदा फुलली की ती मरते, तिची बोंडे वाळून टचटच आवाज करीत तडकतात, आणि उभ्या वाळक्या काठ्यांच्या खाली बोटभर उंचीची नवी रोपे दाटीने उगवतात. पाड्यावरच्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या असतात. त्यांवर शेण-मातीचा लेप देतात आणि वारली चित्रे पूर्वी त्याच भिंतींवर काढली जात.

दिवाळीच्या सुमाराचे खरे आकर्षण कोळ्यांचे आहे. पाऊस थांबल्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांमध्ये माणसाच्या डोक्याच्या उंचीवर मोठी जाळी ताणलेली असतात, आणि उन्हात त्यांचा धागा सोनेरी दिसतो. मध्यभागी तळहाताएवढे पाय पसरून जी बसलेली असते ती मादी. त्याच जाळ्याच्या एका कडेला नीट पाहिले तर नखाएवढा, तांबूस ठिपक्यासारखा नर दिसतो. अनेकजण त्याला तिचे पिल्लू समजतात. ही कोळीण माणसाच्या वाटेला जात नाही, त्यामुळे काठीने जाळे मोडत चालू नये. वाकून खालून जावे.

सोबतीबद्दल माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी ‘रात्रीचे जंगल’ अशी जाहिरात पाहून मी एका आयोजकाकडे पैसे भरले. परवानगी घेतली आहे असे त्याने फोनवर दोनदा सांगितले. रात्री साडेदहाला गस्तीच्या गाडीचा दिवा अंगावर पडला तेव्हा तो आमच्या आधी झाडीत शिरला, आणि आम्ही चौदा जण वन कार्यालयाच्या बाकावर पहाटेपर्यंत बसून आपापली ओळखपत्रे दाखवत राहिलो. तेव्हापासून परवानगीचा कागद हातात घेऊन वाचल्याशिवाय मी कोणामागेही चालत नाही. रात्रीचे जंगल रीतसर पाहायचेच असेल तर बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर प्राण्यांची नोंद होते, तिच्यात स्वयंसेवक म्हणून अर्ज करता येतो. जागा थोड्या असतात आणि मचाणावर रात्रभर न बोलता बसावे लागते.

पायांत घोट्यापर्यंतचे बूट हवेत, कारण फुरसे हा विषारी साप वाळक्या पानांच्या रंगाचा असतो आणि दगडाशेजारी निवांत पडलेला असतो. दगडावर टेकण्याआधी त्याच्या मागे पाहण्याची सवय मुलीला पहिल्याच दिवशी लावा.

कावेसरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाऊबीज झाल्यावरच्या शनिवारी आम्ही नागल्याला जाऊन आलो. परवानगीसाठी दोन चकरा झाल्या, पहिल्या वेळी संबंधित अधिकारी फिरतीवर होते. पण कागद हातात आल्यावर दारात एका मिनिटात प्रवेश मिळाला. पत्नीही आली. बाईंचे उत्तर मी तिला मोठ्याने वाचून दाखवले होते, त्यानंतर तिने स्वतःच मुलीला मध्ये चालायला लावण्याची जबाबदारी घेतली.

पहिल्या अर्ध्या तासात रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज काही सुटला नाही, आणि मला वाटू लागले होते की आपण फार अपेक्षा ठेवून आलो. मग वाट एका वळणावर खाली उतरली आणि आवाज एकदम बंद झाला. कोणीतरी दार लोटून घ्यावे तसा. तेथेच ती कोळीण होती. मुलीने नर शोधून काढला, आणि पुढच्या प्रत्येक जाळ्यापाशी आम्हाला थांबवून तो मोजला. सहा जाळी, नऊ नर. एका जाळ्यावर तिघे होते, याचा तिला फार राग आला.

पंजा दिसला नाही. वडिलांचा गुडघा जाताना त्रासला नाही, परतीच्या चढाला दोनदा बसावे लागले. खाडीजवळ पोहोचलो तेव्हा ओहोटी होती आणि चिखलात खेकड्यांची धावपळ चालू होती.

एक चूक झाली. मुलीने वाटेत पडलेली, स्क्रूसारखी पिळलेली एक तपकिरी शेंग खिशात घातली होती. बाहेर पडताना सोबतच्या माहीतगाराने सांगितले की जंगलातली कोणतीही वस्तू बाहेर न्यायची नसते. ती हिरमुसली. वडिलांनी शेंग हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “अगं, ही तर मुरुडशेंग. माझ्या आईच्या बाळगुटीच्या डबीत असायची, तुझ्या बाबाला हीच उगाळून दिली आहे.” मग दोघे आजोबा-नात दहा-बारा पावले मागे गेले आणि ती झाडाखाली ठेवून आले. आमच्या डोंबिवलीच्या जुन्या सामानात ती डबी अजून असावी. वडील परवापासून माळ्यावरच्या पेट्या उघडत आहेत.

कान्हेरीसाठी मंगळवार ठरवला आहे, बोरिवलीच्या दाराने.